गुरुवारी चालणारी चकती

"पोरी, लाव की आता! भजी संपली, चहा झाला, तरी तुझा गाडा काही सुटंना!" सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी ओरडले आणि सारी ओसरी खदखदून हसली.

आरोही मात्र हसली नाही. लोखंडी टेबलावरच्या लॅपटॉपसमोर ती वाकून उभी होती आणि तिच्या कानांत एकच आवाज शिरत होता. घूंऽऽ... टिक. टिक. घूंऽऽ... टिक. मग शांतता. पडद्यावर पुन्हा तेच वाक्य उमटले : 'कृपया डिस्क घाला.'

"घातलीय की! आंधळा आहेस का रे?" तिचा दहा वर्षांचा चुलतभाऊ पिंटू लॅपटॉपवरच खेकसला.

आरोहीने ड्राइव्हचा कप्पा उघडला, चकती उचलली, फुंकर मारली, पुन्हा ठेवली. घूंऽऽ... टिक. 'कृपया डिस्क घाला.'

तिने हळूच मागे पाहिले. सगळ्यांच्या पुढे, खुर्चीवर, तिचे आजोबा, आबा बसले होते. खास आजच्यासाठी त्यांनी दाढी केली होती आणि डोक्याला गुलाबी फेटा बांधला होता. मांडीवर पाटी आणि खडू. गेल्या वर्षी घशाचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांचे बोलणे त्या पाटीवरच चाले.

एके काळी याच आबांचा, गेनबांचा, आवाज ऐकायला पंचक्रोशी जमत असे. महाळुंग्याच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती लागल्या की घाटाच्या माथ्यावर भोंगा हातात घेऊन गेनबा उभे राहत. कोणता गाडा आला, कुणाचे बैल, कोण पुढे, कोण मागे, हे ते असे सांगत की पाठमोऱ्या माणसालाही शर्यत दिसावी! त्यांचा तो आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता. एका यात्रेचे चित्रण केलेल्या या चकतीवर.

आणि चकती बोलायला तयार नव्हती.

"पण काल चालली होती हो!" आरोही कशीबशी म्हणाली. तिला चारचौघांत बोलायचे म्हणजे ओठ जड होत. "काल संध्याकाळी, सांगवीहून आल्या आल्या मी लावून पाहिली. घाट दिसला, माणसं दिसली. आबा बोलायला लागणार तेवढ्यात मीच बंद केली. म्हटलं, उद्या सगळ्यांसोबतच ऐकू."

"जाऊ दे पोरी. जुनं झालं समदं, चकती काय अन् आमी काय," एक आजोबा उठत म्हणाले. हळूहळू ओसरी रिकामी झाली.

पिंटूच्या वडिलांनी, सयाजीकाकांनी, चकती उजेडात धरून इकडून तिकडून पाहिली. काका घरामागच्याच फोर्जिंगच्या कंपनीत कामाला होते, आणि यंत्रातले आपल्याला सगळे कळते अशी त्यांची ठाम समजूत होती.

"हितं रोग हाय," ते म्हणाले. "बारीक चरे पडल्यात. टूथपेस्ट लावायची, जुन्या ब्रशनं खसाखसा घासायची, की चकाचक! रविवारी मला सेकंड शिफ्ट हाय. सकाळी निवांत घासून टाकतो."

"काका, चकती आहे ती, दाढ नाही!" पिंटूच्या मागून त्याचा मित्र कामरान पुटपुटला.

"काय म्हनला रं?"

"काही नाही काका. उपाय भारी आहे म्हटलं!"

आबांनी चकती काकांच्या हातून घेतली, कापडाच्या पिशवीत सरकवली आणि पिशवी कोपरीच्या खिशात ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फेटा मात्र त्यांनी असा सोडला की आरोहीला ते बघवेना.

त्या रात्रीच्या जेवणात तिचे लक्ष नव्हते. आबा दर रविवारी सांगवीला फोन करत. ती फोनवर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "जेवलीस का गं?" शब्द तिला आठवत होते. आवाज आठवत नव्हता. एका वर्षात तो तिच्या कानांतून असा पुसट होत गेला होता, की आता तिने कितीही डोळे मिटले तरी ते शब्द तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू येत. आणि रविवारी टूथपेस्टखाली तो आवाज कायमचा खरवडला जाणार होता!

* * *

"आधी आरोपी कोण ते ठरवू," उझ्मा म्हणाली. "चकती की ड्राइव्ह?"

शनिवारची सकाळ होती. चौकातल्या मीरासाहेबांच्या टायरच्या दुकानामागे, एकावर एक रचलेल्या टायरांच्या सावलीत चौघांची बैठक भरली होती. उझ्मा आणि कामरान ही मीरासाहेबांची मुले. उझ्मा आरोहीच्याच वयाची, तेरा वर्षांची. कामरान एका वर्षाने लहान आणि तिप्पट बोलका. दर सुट्टीत आरोही आली की चौकडी पूर्ण होई.

"सोपं आहे. दुसरी चकती घालून बघू," कामरान म्हणाला. "ती चालली, तर आबांची चकती खराब. नाही चालली, तर ड्राइव्ह खराब."

पिंटू घरी पळाला आणि एक पांढरी चकती घेऊन आला. आबांच्या चकतीसारखेच तिच्यावर नाव नव्हते, चित्र नव्हते. "ही घ्या. पाचवीचं गणित. शाळेतून मिळालीय. एकदम कोरी आहे, मी कधी हात लावलेला नाही!"

"ते तुझ्या मार्कांवरून कळतंच," उझ्मा म्हणाली.

त्यांनी ओसरीवर जाऊन गणित लावले. घूंऽऽ... टिक. टिक. पिंटूच्या आईच्या, शकूकाकीच्या बहिणीच्या लग्नाची चकती लावली. टिक. लॅपटॉपच्या यादीत ड्राइव्हचे नाव दिसत होते; म्हणजे आतली जोडणी सुटलेली नव्हती. फक्त वाचता येत नव्हते. कोणतीही चकती!

"म्हणजे आबांची चकती निर्दोष!" आरोही इतक्या मोठ्याने बोलली की तिची तीच दचकली.

काका मात्र बधले नाहीत. "समद्याच चकत्या जुन्या, समद्याच खराब! मी उद्या घासनार म्हंजे घासनार."

"दापोडीला आमच्या अय्याजमामूंचं दुकान आहे," उझ्माने तोड काढली. "लॅपटॉप दुरुस्तीचं. अब्बा आज टायर आणायला तिकडेच चाललेत."

आरोही आबांकडे धावली. "आबा, लॅपटॉप दापोडीला नेतोय. चकती द्याल? तिथेच लावून बघू."

आबांनी खिशावर हात ठेवला आणि पाटीवर लिहिले : 'चकती घराबाहेर जानार न्हाई.' मग थोडे थांबून खाली : 'आनखी एक व्हती, ती यात्रेच्या कमिटीला दिली. नुसती डबी परत आली.'

तेव्हा चकती घरी राहिली आणि लॅपटॉप, पाचवीचे गणित व चार मुले मीरासाहेबचाचांच्या टेम्पोतून निघाली.

* * *

अय्याजमामूंचे दुकान इतके अरुंद होते की आत शिरायला कामरानला अंग तिरके करावे लागले. मामूंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, ड्राइव्हचा कप्पा बाहेर ओढला आणि मण्याएवढी चकाकती काच दाखवली.

"ही भिंगाची काच. हिच्यातून किरण जातो आणि चकतीवरचं वाचतो. हिच्यावर धूळ बसली की समजा, म्हाताऱ्याचा चष्मा हरवला." कान साफ करायच्या काडीवरचा कापूस त्यांनी स्पिरिटमध्ये किंचित भिजवला आणि भिंगावरून असा फिरवला, जणू झोपलेल्या बाळाचा गाल पुसत होते. "जोर लावायचा नाही. घासायचं तर मुळीच नाही."

"टूथपेस्ट?" पिंटूने भाबडेपणाने विचारले.

मामूंनी छातीवर हात ठेवला. "तौबा! कुणी सांगितलं?"

"आहेत एक तज्ज्ञ," कामरान म्हणाला.

काच वाळल्यावर मामूंनी गणिताची चकती घातली. घूंऽऽऽ... आणि पडद्यावर एक सशाचे चित्र उड्या मारत आले. 'चला मुलांनो, अपूर्णांक शिकू या!'

"चालली!" तिघे ओरडले.

"चालली," पिंटू खिन्नपणे म्हणाला.

मामूंनी चकती चार वेळा काढून घातली. चारही वेळा ससा आला. परतीच्या वाटेवर आरोहीने लॅपटॉप मांडीवर असा धरला होता, जणू त्यात काठोकाठ पाणी भरले होते.

घरी पोचताच लोखंडी टेबलावर लॅपटॉप ठेवला. आबा पिशवी घेऊन समोर येऊन बसले. काका दाराला टेकून उभे राहिले. "आधी गणित लावते," आरोही म्हणाली. "खात्रीसाठी."

घूंऽऽ... टिक. टिक. घूंऽऽ... टिक.

'कृपया डिस्क घाला.'

मग काका हसले. "झालं? फसवलं तुमाला त्या दुकानदारानं! ग्राहक दारातनं बाहेर पडला की वस्तू बंद. असलं लई बघितल्यात."

"मामूंनी एक पैसासुद्धा घेतला नाही!" उझ्मा म्हणाली. तिचा आवाज शांत होता. पण ओढणीचे टोक तिने मुठीत घट्ट आवळले होते.

"न्हाई घेतला, पर केलं काय? ते काय न्हाई. उद्या सकाळी चकती माज्याकडं द्या."

आबांनी बराच वेळ लॅपटॉपकडे पाहिले आणि पाटीवर सावकाश लिहिले : 'घास बाबा. तसं बी आता काय ऐकू येतंय.'

* * *

रविवारी सकाळी आरोही सगळ्यांच्या आधी उठली. तिच्या मनात रात्रभर एक वाक्य घोळत होते. तोच लॅपटॉप, तीच चकती. दापोडीला चालते, इथे नाही. मग बदलले काय? फक्त जागा! आणि गुरुवारी? गुरुवारी तर याच जागी, याच टेबलावर आबांची चकती चालली होती. मग गुरुवारी काय वेगळे होते?

उत्तर सापडेपर्यंत चकती वाचवणे भाग होते. तिने पिंटूला हलवून उठवले आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितले. पिंटूचे डोळे आधी मोठे झाले, मग चमकले.

"माझं गणित? कायमचं?"

"कायमचं."

"ताई, घरासाठी मी काहीही करीन!"

काका अंगणात ब्रश आणि टूथपेस्ट घेऊन बसले, तेव्हा आबांनी खिशातून पिशवी काढून आरोहीकडे दिली. तिने त्यांच्याकडे पाठ केली, पण पुरती केली नाही. एक पांढरी चकती तिच्या फ्रॉकच्या खिशात गेली, दुसरी पांढरी चकती काकांच्या हातात. वळून पाहते तो आबा तिच्याकडेच बघत होते! आबांनी खडू उचलला, पाटीकडे पाहिले, आणि खडू पुन्हा खाली ठेवला. बोलता न येणाऱ्या माणसाइतके गुपित कोण राखणार?

काकांनी घासायला सुरुवात केली. खस्! खस्! खस्! पाच मिनिटांनी चकती धुतली तेव्हा तिच्या आरशासारख्या पाठीवर गवताच्या पेंढीसारख्या रेघाच रेघा उठल्या होत्या. काका थोडे चपापले. "वाळू दे. वाळली की उजळंल," ते म्हणाले आणि घाईने अंघोळीला गेले.

आरोहीने खिशातली चकती चाचपली. त्या रेघांखाली आबांचा आवाज असता तर?

ती ओसरीवर आली. भिंतीपाशी शकूकाकी स्टुलावर चढून पणजोबांची तसबीर सरळ करत होती.

"काकी, रोजच वाकडी होते का ही?"

"रोज गं बाई! पाल सरकते मागनं. सकाळी सरळ केली की सांजच्याला पुन्ना वाकडी. तिला बी सुट्टी असती बरं का," काकी हसून उतरली. "शुक्रवारी सकाळी कधी हात लावावा लागत न्हाई."

आरोही जागच्या जागी थांबली. पाल आठवड्याची सुट्टी घेते? गुरुवारची?

तेवढ्यात उझ्मा आणि कामरान आले. पिंटूने त्यांना गणिताच्या चकतीचे काय झाले ते कानात सांगितले. उझ्माने मामूंना फोन लावला होता आणि फोन सरळ ड्राइव्हपाशी धरला. आतून टिक-टिक ऐकून मामू पलीकडून बोलू लागले.

"बेटा, ही आंधळी नाही झाली. हिला दिसतंय, पण धरून ठेवता येत नाहीये. चकतीवरची ओळ केसाहून बारीक असते. खडखडत्या टेम्पोत बसून सुईत दोरा ओवून बघ, तसं चाललंय तिचं. जुन्या ड्राइव्हमधलं रबर कडक होतं, मग जरा हादरा बसला की ओळ सुटते. तुम्ही ती हलत्या जागी ठेवलीय का?"

"छे मामू! टेबलावर आहे. टेबल जमिनीवर आहे," कामरान म्हणाला. "आणि जमीन... जमिनीवरच आहे."

आरोहीने टेबलाकडे पाहिले. त्यावर आबांचा पाण्याचा पेला होता. घरात वारा नव्हता, पेल्याला कुणी हात लावला नव्हता. तरीही पाण्यावर एक बारीक वर्तुळ उमटले, कडेला गेले आणि विरले. मग दुसरे. मग तिसरे. एका लयीत, जणू पाण्याखाली कुणाचे तरी काळीज धडधडत होते.

तिने चप्पल काढली आणि अनवाणी पाय फरशीवर टेकला.

धम्म... धम्म... धम्म...

आवाज नव्हता तो. आवाजाच्या खालचे काहीतरी होते. परसाच्या भिंतीपलीकडे, जिथे पूर्वी ज्वारीचे रान होते, तिथे आता फोर्जिंगची कंपनी होती आणि तिच्यातला अजस्र हातोडा तापल्या लोखंडावर रात्रंदिवस पडत होता. पहिल्या वर्षी या घरातली माणसे त्या धक्क्याने झोपेतून उठून बसली असतील. मग त्यांना सवय झाली. सवय इतकी झाली की फडताळातली भांडी किणकिणली तरी कुणाला ऐकू येईना, तसबीर वाकडी झाली तर दोष पालीच्या माथी!

"उझ्मा," आरोही हळू आवाजात म्हणाली, "कंपनीला सुट्टी कधी असते?"

"चाकणमध्ये? गुरुवारी. इथला रविवार गुरुवारीच येतो, माहीत नाही तुला?" उझ्मा बोलता बोलता थांबली. तिचे डोळे पेल्यावर गेले. "या अल्लाह! गुरुवार!"

"मला कुणी सांगेल का काय चाललंय?" पिंटू ओरडला.

"तुझ्या गणिताचा बळी वाया गेला नाही, भावा!" कामरानने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पण नुसता तर्क म्हणजे पुरावा नव्हे. अकरा वाजता कंपनीत जेवणाची सुट्टी होत असे. चौघे टेबलाभोवती दबा धरून बसले. काकीच्या बहिणीच्या लग्नाची चकती आत घातली होती. आबांची चकती आरोहीच्या खिशातच होती. तिच्यावर प्रयोग करायचे नव्हते.

टिक. टिक. टिक. दूर कंपनीचा भोंगा वाजला. पेल्यातले शेवटचे वर्तुळ कडेला जाऊन विरले आणि पाणी काचेसारखे निश्चल झाले.

घूंऽऽऽ...

पडद्यावर मुंडावळ्या उजळल्या! सनई वाजू लागली! चौघांनी तोंडावर हात दाबून धरले. वऱ्हाड आले, अक्षता पडल्या, नवरी लाजली. पंगतीत पहिली जिलबी वाढली जात असतानाच पुन्हा भोंगा झाला. पाण्यावर वर्तुळ उठले. नवरदेव जिलबी तोंडात घालता घालता थिजला, त्याचे चौकोनी तुकडे झाले, आणि मग... टिक.

"बिचाऱ्याला जिलबीही मिळाली नाही!" पिंटू हळहळला.

"अकराला पुन्हा सुट्टी उद्याच होईल," उझ्मा म्हणाली. "नाहीतर गुरुवारपर्यंत थांबू."

आरोहीने मान हलवली. "आबांनी आशा सोडलीय, उझ्मा. त्यांना आजच ऐकवायचं. हातोडा थांबवता येत नाही. पण हादरा अडवता येईल?"

त्यांनी लॅपटॉपखाली गोधडीची घडी घालून पाहिली. एक चित्र आले आणि गेले. दोन गोधड्या घातल्या. तीन चित्रे आली आणि गेली. तेव्हा कामरान अचानक उठून उभा राहिला.

"आम्ही टायरवाले आहोत राव! रस्त्याचा हादरा गाडीत येऊ नये म्हणून लोक आमच्याकडे येतात, आणि आम्ही इथे गोधड्या मोजतोय!"

तो धावत गेला आणि गळ्यात हारासारखी स्कूटरची ट्यूब घालून, हातात पंप घेऊन परतला. मागोमाग, मुलाने दुकानातून काय पळवले ते पाहायला, मीरासाहेबचाचाही आले. ट्यूब फरशीवर ठेवली. कामरानने फसाफस हवा भरली. तिच्यावर जेवणाचा लाकडी पाट आणि पाटावर लॅपटॉप.

टिक. टिक.

"गेलं!" पिंटू म्हणाला.

मीरासाहेबचाचांनी ट्यूबवर बोट दाबले. "अरे, ही तर दगडासारखी भरलीस! टणक ट्यूब सगळा धक्का वर देते. हवा सोड. अर्धी."

कामरानने वाल्व दाबला. फुस्सऽऽ! पाट एका बाजूला कलला, आरोहीने सावरला. आणखी थोडी. फुस्सऽ. पाट तळ्यावरच्या होडीसारखा अलगद डुलला आणि स्थिर झाला. पेल्यात वर्तुळे उठतच होती. हातोडा पडतच होता.

घूंऽऽऽऽ...

नवरदेवाने जिलबी खाल्ली.

* * *

ओसरी पुन्हा भरली. पिंटूने गल्लीभर दवंडी पिटल्यासारखे ओरडून म्हाताऱ्यांना गोळा केले होते. शिफ्टला निघालेले काका डबा हातात घेऊन दारात थबकले. उझ्माने पेनड्राइव्ह जोडून तयार ठेवला होता. आज चकती वाचली की तिची नक्कल होणार होती, पुन्हा कधी एकाच चकतीवर सारे अवलंबून राहणार नव्हते.

आरोहीने खिशातून आबांची चकती काढली, पाटासमोर मांडी घालून बसली आणि कप्पा हळूच आत ढकलला.

घाट दिसला. उन्हात तापलेला, माणसांनी फुललेला. आणि मग भोंग्यातून तो आवाज आला.

"हां हां हां... आला रं आला! भिर्रर्रर्र! सुटला गाडा, धरनीला धाप लागली! धुरळा बघा, नुसता धुरळा, बैल कुठं? बैल तर म्होरं पोचलं! आता धुरळा मागनं पळतोय!"

"गेनबा!" एक म्हातारा ओरडला आणि बाकीचे मांड्या थोपटू लागले. आबा खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. त्यांचा उजवा हात नकळत वर गेला होता, अदृश्य भोंगा धरल्यासारखा.

आरोही कान देऊन ऐकत होती. आवाज मोठा होता, खणखणीत होता; पण तो घाटावरच्या गेनबांचा होता. फोनवरच्या आबांचा नव्हता.

एवढ्यात पडद्यावरचा गोंगाट ओसरला. पुढचा गाडा सुटायला तयार होता, बैल पाय आपटत होते, आणि निवेदक एकाएकी थांबला होता. "थांबवा," भोंग्यातला आवाज खाली आला. "गाडा सोडू नगा. दोरापाशी एक बारकं पोरगं रडतंय. कुनाचं हाय?" हजारो माणसे वळून पाहू लागली. कुणीतरी मुलाला उचलून आबांपाशी आणले. भोंगा चालूच होता, आणि त्यातून, अगदी जवळून, मऊ, किंचित खरबरीत स्वरात शब्द आले :

"रडू नगंस. यील तुजी आई. जेवलास का रं?"

आरोहीने डोळे मिटले. तोच. अगदी तोच! दर रविवारी तिच्या कानाशी येणारा, शेवटच्या अक्षरावर जरासा रेंगाळणारा. पुसट झालेली पाटी कुणीतरी पुन्हा गिरवावी, तसा तो तिच्या आत उमटला. भिंतीपलीकडे हातोडा पडत होता, आणि ट्यूबवरचा पाट अलगद श्वास घेतल्यासारखा डुलत होता.

चित्रण संपले तेव्हा टाळ्या थांबेनात. काका डबा खाली ठेवून पुढे आले.

"पन मग... मी घासली ती कुठली?"

"पाचवीचं गणित!" पिंटू विजयाने म्हणाला. "आता तर मला अभ्यास करताच येणार नाही, बाबा!"

हसण्याचा असा काही स्फोट झाला की क्षणभर हातोडाही जाणवला नसता. काकांनी कपाळावर हात मारला. "बारा वर्सं त्या हातोड्यापाशी काम करतोय मी, अन् घरात त्यो माज्या मागनं आलाय हे मला कळंना! पोरांनो, तुमी शानी. आमीच झोपल्यालो." मग ते उझ्माकडे वळले. "आन् तुज्या मामूला सांग, सयाजी चुकला म्हनावं. फोन लाव, मीच बोलतो."

कालपासून जणू आवळलेली उझ्माची मूठ सुटली.

"माझी पोरं आहेत ही," मीरासाहेबचाचा कामरानच्या डोक्यावर टपली मारत म्हणाले. "फक्त ट्यूब विचारून न्यायची, एवढं शिकायचं राहिलंय."

शकूकाकी पणजोबांच्या तसबिरीकडे बघत होती. "आन् मी इतकी वर्सं त्या गरीब पालीला बोल लावला गं बाई!"

आबांनी हाताने खूण केली. आरोही जवळ गेली. त्यांनी पाटी धोतराच्या सोग्याने स्वच्छ पुसली, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले :

'जेवलीस का गं?'

तिने पाटीकडे पाहिले. पण या वेळी वाचावे लागले नाही. अक्षरांवर नजर पडताच आवाज आपोआप आला.

"नाही आबा," ती म्हणाली, आणि एवढ्या माणसांत तिचा आवाज जराही कापला नाही. "सकाळपासून कुणीच जेवलेलं नाही. तुम्हीसुद्धा. चला, पाट मांडते."

"एक पाट कमी पडेल," कामरान म्हणाला. "तो आता लॅपटॉपचा आहे!"